व्हॅन गॉगची दाढी आणि उडून गेलेला लाल

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक वेंधळेपणा झाला. इओसिनचं पातळ द्रावण असलेली एक टेस्ट ट्यूब मी शुक्रवारी संध्याकाळी खिडकीत विसरून घरी गेले. एप्रिलचं ऊन, त्यात पश्चिमेची खिडकी. सोमवारी येऊन बघते तर गुलाबी रंगाचं जवळपास पाणी झालेलं. सर म्हणाले, "आता हेच लिहून काढ." रंगाचे रेणू उजेडात कसे मोडतात हा पुढे माझ्या पीएचडीचा विषय झाला, त्याचं मूळ त्या खिडकीत आहे.

इओसिन बऱ्याच जणांना माहीत असेल. बीएस्सीला स्लाइड रंगवताना पेशी गुलाबी दिसायच्या, त्या ह्याच्यामुळेच. पण आज सांगायचंय ते स्लाइडबद्दल नाही. हाच रेणू १८८७ साली पॅरिसमधल्या एका चित्रकाराच्या पॅलेटवर होता आणि तो स्वतःचाच चेहरा पुन्हा पुन्हा रंगवत होता.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८६ मध्ये भावाकडे, थिओकडे, पॅरिसला राहायला आला. तोवर त्याची चित्रं म्हणजे हॉलंडच्या खेड्यातली माणसं, बटाटे, कंदिलाचा उजेड आणि मातीसारखे तपकिरी-काळपट रंग. पॅरिसला आल्यावर त्याला कळलं की इथल्या मंडळींनी पॅलेटवरची माती केव्हाच पुसून टाकली आहे. त्याला रंग नव्याने शिकायचे होते. शिकायला माणसांचे चेहरे हवेत, पण मॉडेलला द्यायला पैसे नाहीत. आरसा मात्र फुकट बसून राहतो. त्याची एकूण स्वव्यक्तिचित्रं साधारण ३५, आणि त्यातली पंचवीसच्या वर पॅरिसच्या दोनच वर्षांतली. पुढे आर्लला गेल्यावर त्याने मुद्दाम एक बरा आरसा विकत घेतला आणि थिओला कळवलं की स्वतःच्या डोक्याचे रंग जमले तर इतरांची डोकीही जमतील. यात आत्मशोध वगैरे फारसा नाही. हा सरळ सराव आहे.

या सरावामागे थोडं रसायनशास्त्रही आहे. गोब्लँच्या सरकारी गालिचा कारखान्यात मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगविभाग सांभाळायचा. काही रंग फिके किंवा मळके दिसतात अशा तक्रारी यायच्या. त्याच्या लक्षात आलं की दोष सगळा रंगात नाही, शेजारच्या धाग्यातही आहे. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. लालजवळ हिरवा, निळ्याजवळ नारिंगी, पिवळ्याजवळ जांभळा ठेवला की दोघेही पेटून उठतात. त्याचं पुस्तक १८३९ चं. व्हॅन गॉगने हे तत्त्व दुसऱ्यांच्या पुस्तकांतून हॉलंडमध्येच वाचलं होतं. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्याची एक लाल लाखेची पेटी आहे, तिच्यात लोकरीचे १६ गुंडे आहेत. वेगवेगळ्या रंगांचे धागे एकत्र पिळून ठेवायचे आणि शेजार कसा दिसतो ते बघायचं. रंगाची ट्यूब महाग, लोकर स्वस्त. आमच्या लॅबमध्ये याला पायलट एक्सपेरिमेंट म्हणतात!

आता १८८७ चं राखाडी फेल्ट हॅटमधलं स्वव्यक्तिचित्र घ्या. नेटवर सहज सापडेल. दाढीत लाल आणि डोळ्यांत हिरवा, पार्श्वभूमीला निळा आणि नारिंगी. लांब लांब फटकारे चेहऱ्याभोवती लोखंडाच्या कीसासारखे वळलेले. त्या दाढीत किती हिरवा आहे ते मोठं करून बघा, माणसाची दाढी तशी नसतेच. त्याआधी काही महिने त्याने केलेलं, आता शिकागोत असलेलं चित्र बघितलंत तर तिथे फटकाऱ्यांऐवजी ठिपके दिसतील, स्यूराच्या वळणाचे. प्रत्येक वेळी विषय तोच, बदलतोय तो रंग लावण्याचा प्रकार. कंट्रोल आणि व्हेरिएबल, दुसरं काय.

ज्यावर रंगवायचं तेही तो बदलत होता, अर्थात तिथे प्रयोगाइतकीच कडकीही होती. शिकागोचं चित्र पुठ्ठ्यासारख्या आर्टिस्ट्स बोर्डवर आहे, उंची जेमतेम ४१ सेंटिमीटर. पुठ्ठा रंगातलं तेल पिऊन टाकतो, त्यामुळे चकाकी जाते आणि रंग कोरडा, खडूसारखा बसतो. पुठ्ठाही नसेल तेव्हा त्याने हॉलंडची जुनी चित्रं उलटी केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या गवती हॅटच्या स्वव्यक्तिचित्रामागे १८८५ ची बटाटे सोलणारी बाई आहे. एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला पिवळा-निळा. मधे दोन वर्षं आणि एक कापड. २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात एका शेतकरी बाईच्या चित्राचा एक्स-रे काढला, तर मागच्या बाजूला गोंद आणि पुठ्ठ्याखाली दडलेला हॅटवाला दाढीचा माणूस दिसला. बहुधा व्हॅन गॉगच. कुणीतरी फ्रेम करताना कागद चिकटवावा तसा तो झाकून टाकला होता.

आता माझ्या टेस्ट ट्यूबकडे येते. त्याच्या पॅलेटवर जिरेनियम लेक नावाचा झगझगीत गुलाबी-लाल होता. तो म्हणजे इओसिनच, पाण्यात विरघळू नये म्हणून धातूच्या क्षारावर बसवलेलं. इओसिन १८७० च्या दशकातलं, म्हणजे तेव्हा अगदी नवं. दिसायला अप्रतिम आणि उजेडाला अतिशय कच्चं. राखाडी हॅटच्या चित्रात त्याने पार्श्वभूमीत जांभळे फटकारेही मारले होते, पिवळ्याच्या शेजारी पेटावेत म्हणून. त्यातला लाल उडाला. जांभळ्यातून लाल गेला की काय उरणार? निळा. आज आपण बघतो ते निळे फटकारे त्याने निळे मारलेच नव्हते, आणि पिवळ्याशी जो सामना त्याने लावला होता तो आता अर्ध्या ताकदीने चालू आहे.

हे कळतं कसं? इओसिनच्या रेणूत ब्रोमीनचे चार अणू असतात. रंग विरला तरी ब्रोमीनची खूण थरात राहू शकते. एक्स-रे टाकून प्रत्येक ठिकाणचं मूलद्रव्य ओळखता येतं आणि त्यावरून हरवलेल्या लालचा नकाशा काढता येतो. मेट्रोपॉलिटनने २०१५ मध्ये त्याच्या इरिस आणि गुलाबांच्या चित्रांबद्दल हेच मांडलं: आज पांढरट दिसणारे ते गुलाब आधी गुलाबी होते आणि निळे इरिस जांभळे.

मला हे नुसत्या रसायनापुरतं वाटत नाही. पॅरिसला दोघे भाऊ एकाच घरात राहत होते, त्यामुळे एरवी आठवड्याला पानंच्या पानं लिहिणाऱ्या या माणसाची त्या दोन वर्षांतली पत्रं अगदी थोडी आहेत. त्या काळाची वही म्हणजे ही स्वव्यक्तिचित्रं, आणि त्या वहीतली एक शाई उडाली आहे. तरी लोक ती बिनधास्त वाचतात. 'थंड निळ्यात बुडालेला एकाकी चेहरा' अशा अर्थाची वाक्यं मी मराठीतही वाचली आहेत. कॉलेजात असताना एका स्पर्धेसाठी मी स्वतः तसंच लिहिलं होतं, बक्षीसही मिळालं होतं. तो माणूस दुःखी नव्हता असं मी म्हणत नाही. पण निदान त्या निळ्याची साक्ष काढू नका.

त्याला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. १८८८ च्या एप्रिलमध्ये आर्लहून त्याने थिओला रंगांची यादी पाठवली, तिच्यात जिरेनियम लेक आहे. त्याच सुमारास तो कबूल करतो की हे नव्या फॅशनचे रंग टिकाऊ नाहीत, आणि म्हणूनच ते जरा जास्तच भडक लावावेत, काळ त्यांना मऊ करेलच. म्हणजे झीज त्याने हिशेबात धरली होती. फक्त हिशेब चुकला. रंग मऊ होतील असं त्याने धरलं होतं. इओसिन मऊ न होता जातंच.

पिवळ्याचीही वेगळी रड आहे. क्रोम यलोतलं क्रोमियम उजेडात क्षपण पावतं आणि रंग तपकिरी होतो. ग्रनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. त्यावर वेगळा लेख लिहीन, नाहीतर गाईड म्हणतील प्रबंध सोडून हीच बसलीये.

पॅरिस सोडण्याच्या सुमारास त्याने स्वतःला पॅलेट हातात धरून रंगवलं. त्या चित्राचं वर्णन त्याने बहिणीला पत्रात लिहून कळवलं होतं. पॅलेटवरचे रंग तो एकेक करून सांगतो, लेमन यलो, व्हर्मिलियन, व्हेरोनीज हिरवा, कोबाल्ट निळा, आणि पुढे म्हणतो की चित्रातले न मिसळलेले रंग तेवढेच, बाकी फक्त नारिंगी दाढी. हे पत्र मी लॅबमधल्या माझ्या टेबलासमोर चिकटवलं आहे. खाली स्टँडमध्ये इओसिनच्या दोन ट्यूब आहेत. एक फॉइलमध्ये गुंडाळलेली, एक उघडी.