आधी ठरवायचे घर

प्रस्तावना

कारखान्यात तयार झालेले भाग आणून जागेवर जोडलेले घर आणि निसर्गावर कमी भार टाकणारे घर, या दोन गोष्टी हल्ली एका दमात उच्चारल्या जातात. या विषयात नव्याने शिरणाऱ्या विद्यार्थ्याने, अभियंत्याने किंवा स्वतःचे घर बांधू पाहणाऱ्या वाचकाने आधी या दोघींची ताटातूट करावी. कारखान्यातून आलेले घर आपोआप हरित होत नाही. आणि मातीचे घर केवळ मातीचे आहे म्हणून राहायला सुरक्षित ठरत नाही. व्यवहारात मात्र दोन्ही वाटा एकाच जागी येऊन मिळतात. दोन्हीकडे निर्णय आधी घ्यावे लागतात. ‘साइटवर बघू’ हे आपले लाडके वाक्य दोन्हीकडे महागात पडते.

ही पद्धत आपल्याला परकी आहे असे समजायचे कारण नाही. वाड्याचा लाकडी सांगाडा सुतार जमिनीवरच मापात तासत, मग खांब, तुळया, कडीपाट खाचा जुळवून उभे करत. खोलीचे माप खणांत सांगितले जाई, म्हणजे लाकूड किती लागणार ते पाया खणण्याआधी कळे. वाडा पाडला तरी त्याचे खांब दुसऱ्या घराला लागत. कोकणात जांभ्याचा चिरा खाणीतच ठरावीक मापाने कापला जातो. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ते कौल किनाऱ्यावरच्या गावोगावी पोहोचले. कारखान्यातला माल तेव्हापासून आपल्या डोक्यावर आहे.

अख्खे घरच कारखान्यात करायचे, हा प्रयोग स्वतंत्र भारताने फार लवकर केला. फाळणीनंतर दिल्लीत निर्वासितांचे लोंढे येत होते. नाझी जर्मनीतून निसटून म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुविशारद झालेले ओटो केनिग्सबर्गर 1948 मध्ये केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक झाले आणि त्यांच्या देखरेखीखाली दिल्लीत जंगपुऱ्याजवळ घरांचा सरकारी कारखाना उभा राहिला. हलक्या काँक्रीटच्या तयार भिंती घडवायच्या आणि जागेवर नेऊन उभ्या करायच्या, अशी योजना. पॅनेलना तडे जाऊ लागले, हव्या तितक्या संख्येने घरे झाली नाहीत, टीका झाली आणि 1951 मध्ये केनिग्सबर्गर लंडनला निघून गेले. कारखाना मात्र टिकला. विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर असा माल त्याने काढला आणि पुढे तो हिंदुस्तान प्रीफॅब या नावाने ओळखला जाऊ लागला. खांब आणि स्लीपर जमले, घर जमले नाही, हा तपशील मला बोलका वाटतो. खांबाला शेजारच्या खांबाशी जुळवून घ्यावे लागत नाही. भिंतीला घ्यावे लागते.

हीच गोष्ट लंडनने फार मोठी किंमत मोजून शिकली. 16 मे 1968 रोजी रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. इमारत मोठ्या तयार पॅनेलची, लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. स्फोटाने एक बाहेरची भिंत उडाली, तिच्या आधारावरचे मजले खाली आले, त्यांच्या भाराने खालचे मजले बसले आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसे गेली. पुढे इमारत उतरवली तेव्हा पॅनेलमधल्या सांध्यांत नीट भरणाच झाला नसल्याचे दिसले. त्या दुर्घटनेनंतर अनेक देशांत नियम बदलले: एक भाग गेला तरी बाकीचे घर उभे राहिले पाहिजे.

आपल्याकडे यावर निघालेला मधला मार्ग पुण्यातून आला, याची मराठी वाचकाला माहिती असावी. वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के यांनी विकसित केलेल्या ‘थ्री-एस’ पद्धतीत कॉलम कारखान्यात पोकळ ओतलेले असतात, तुळया अर्धवट तयार येतात, वर सिपोरेक्सचे हलके स्लॅब बसतात आणि मग कॉलमच्या पोकळीत व सांध्यांत जागेवरच काँक्रीट ओतले जाते. म्हणजे भाग कारखान्यातले, पण त्यांना एकजीव करणारे काम साइटवरचे. भूकंपप्रवण देशात हा शहाणपणा आहे. (सिपोरेक्स हे नाव इतके रुळले आहे की दुकानात कोणत्याही कंपनीचा एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटचा ठोकळा, याच नावाने मिळतो.)

पॅनेल बसवताना नेमके काय होते, ते एकदा जवळून पाहावे. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच आणि पंधरा सेंटिमीटर जाड काँक्रीटची भिंत सव्वातीन टनांच्या वर भरते. क्रेनने ती उचलली की खालच्या स्लॅबमधून वर आलेल्या सळया तिच्या तळातल्या भोकांत शिरल्या पाहिजेत. खाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवून पातळी साधतात, दोन तिरके टेकू लावतात, ओळंबा बघतात आणि मगच न आकसणारा ग्राउट भरतात. सगळे बरोबर असेल तर अर्ध्या तासाचे काम. पण सळई इंचभर सरकलेली असेल तर? क्रेनचे भाडे तासावर चढते आहे, खाली दुसरा ट्रेलर उभा आहे, मुकादम वर बघतो आहे. अशा वेळी कोणीतरी ग्राइंडर काढतो आणि सळई कापून टाकतो. भिंत सुबक बसते. फोटोतही छान दिसते. ती खालच्या मजल्याला बांधलेली नाही, हे मात्र भूकंप होईपर्यंत कळत नाही. म्हणून या क्षेत्रातल्या अभियंत्याला मी पॅनेलची ताकद शेवटी विचारीन. आधी विचारीन तो सांध्याचा नकाशा, आणि ग्राउट भरताना तिथे कोण उभे होते.

घरमालकासाठी हाच धडा स्विचबोर्डापाशी सुरू होतो. विटेच्या घरात गवंडी गेल्यावर इलेक्ट्रिशियन येतो आणि भिंतीत हव्या तिथे झिऱ्या मारतो. तयार भिंतीत पाइप आणि बोर्डाचे डबे ओततानाच बसलेले असतात. पलंग कुठे, गिझर कुठे, स्वयंपाकघरात मिक्सर कुठल्या हाताला, हे सगळे पाया भरायच्या आत कागदावर लागते. पातळ पोलादी सांगाड्याच्या घरात तर गिझर किंवा भांड्यांचे कपाट कुठे टांगणार ते आधी सांगितले तरच आतून तिथे जादा आधार देता येतो. आपल्या घरांत असले निर्णय वास्तुशांतीनंतरही चालू असतात. ही सवय मोडणे हे तंत्रज्ञानापेक्षा अवघड काम आहे.

आता उष्णता. एएसी ब्लॉकच्या आठ इंची भिंतीतून जितकी उष्णता आत येते, त्याच्या चारपाच पट पंधरा सेंटिमीटरच्या उघड्या काँक्रीट पॅनेलमधून येते; विटेच्या नऊ इंची भिंतीशी तुलना केली तरी जवळपास दुप्पट. म्हणजे सोलापूरच्या पश्चिमेकडच्या भिंतीला नुसते काँक्रीट पॅनेल लावणे हा वेगाने केलेला अविचार आहे. मध्ये फोम असलेले सँडविच पॅनेल उष्णता चांगली अडवते, पण त्याला वजन नसल्याने खिडकीतून ऊन शिरले की खोली पटकन तापते. 2018 च्या इको निवास संहितेने भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा घातली आहे. तांत्रिक हिशेब पुढे येईलच, पण सर्वांत स्वस्त उपाय आजही दिशा, छज्जा आणि सावली हेच आहेत. वरच्या मजल्याला सर्वांत जास्त उष्णता छतातून मिळते. तिथे पांढरा चायना मोझॅक किंवा नुसता चुना दिला तरी फरक पडतो. हरित घराचे प्रमाणपत्र देणाऱ्या ‘गृह’ आणि आयजीबीसी या यंत्रणा उपयोगी आहेत, पण गुणांच्या मागे लागून सावली विसरलेल्या इमारती कमी नाहीत.

सुरक्षितता आणि गारवा यांची ओढाताण मराठवाड्याने जवळून पाहिली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आजच्या कार्बनच्या मोजपट्टीने ती घरे अव्वल हरित ठरली असती. स्थानिक दगड, स्थानिक माती, उन्हाळ्यात थंड. त्यांनी हजारो माणसे मारली, कारण भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारे आडवे दगड नव्हते आणि वर टनावारी माती होती. नंतर 52 गावे नव्या जागी वसवली. काँक्रीटच्या ब्लॉकची, सिमेंटच्या छताची घरे रांगेत उभी राहिली. ती पडणार नव्हती, पण उन्हाळ्यात तापत, आणि अंगण, गोठा, ओसरी यांचा हिशेब कोणी केला नव्हता. लोकांनी पुढे आपापली भर घातली. अशी भर घालणे तयार पॅनेलच्या घरात अवघड जाते, कारण तिथे भिंत पाडायची म्हणजे बहुधा आधारच पाडायचा. भारतीय कुटुंब दहा वर्षांनी एक खोली वाढवणार, हे गृहीत न धरणारा नकाशा चुकीचा आहे, मग तो कितीही हरित असो.

वजनाबद्दलही एक गैरसमज आहे. हलके घर चांगले, असे सरसकट सांगितले जाते. भूकंपात ते खरेच आहे. पण 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगड भागात उडाली ती हलकीच छपरे. तिथे हलक्या घराला वरून खाली दाबण्यापेक्षा खालून धरून ठेवणे महत्त्वाचे, म्हणजे छपरापासून पायापर्यंत सलग बोल्ट आणि पट्ट्या. शिवाय किनाऱ्यावर खारा वारा आहे. पोलादी सांगाडा घेणाऱ्याने रंग विचारू नये, दर चौरस मीटरला जस्त किती ग्रॅम ते विचारावे. काळ्या जमिनीची तऱ्हा आणखी निराळी. पावसात ती फुगते आणि हलके घर तिच्या फुगण्याला अडवू शकत नाही, ते वर उचलले जाते, फरशी फाटते. म्हणून काळ्या मातीत पायावर होणारा खर्च वरच्या घराच्या वजनाने कमी होत नाही. कारखान्याच्या कोटेशनमध्ये पाया बहुधा धरलेलाच नसतो, तेव्हा ही ओळ नीट वाचावी.

कार्बनचा हिशेब थोडक्यात सांगतो. पोलादाच्या टनामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, सिमेंटच्या टनामागे अर्ध्या टनाहून जास्त. त्यामुळे कारखान्यात नासाडी कमी होते हे खरे असले, तरी जो माल वापरला तो मुळात किती लागला हा प्रश्न पहिला. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती मिसळलेला नवा सिमेंट प्रकार, ज्याला 2023 मध्ये भारतीय मानक मिळाले, या आघाडीवर आशादायक आहे. राखेच्या विटा आपल्याकडे चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळीच्या आसपास सहज मिळतात. पण त्याच विटा ट्रकने चारशे किलोमीटर नेल्या तर फायदा डिझेलमध्ये जातो. पाचेक टक्के सिमेंट घालून यंत्रात दाबलेला मातीचा ठोकळा भट्टीशिवाय होतो, मात्र त्याला वाळू असलेली मुरमाड माती लागते. निव्वळ काळी माती चालत नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावरचे शंकूच्या आकाराचे कौल एकमेकांत अडकवून कमानीचे छत केले. त्यात पोलाद जवळजवळ नाही, साचा एकच, कारखाना म्हणजे कुंभाराचे अंगण. पूर्वरचित आणि हरित या दोन्ही शब्दांना पुरे पडणारे इतके नेमके उदाहरण मला दुसरे माहीत नाही. ते का पसरले नाही, याचा अभ्यास कुणीतरी करायला हवा. माझा अंदाज असा की बँकेला आणि कंत्राटदाराला दोघांनाही स्लॅबच ओळखीचा असतो.

वेगाच्या दाव्यांकडे थोडे हातचे राखून पाहावे. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2021 ला सहा शहरांत लाइट हाउस प्रकल्पांची पायाभरणी केली. चेन्नईत तयार काँक्रीटची 1152 घरे, इंदूरला सँडविच पॅनेलची 1024, रांचीला अख्ख्या खोल्या ओतून एकावर एक रचलेली 1008. उद्दिष्ट बारा महिन्यांचे होते. चेन्नईचा प्रकल्प मे 2022 मध्ये पुरा झाला, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त वेळ लागला. तरीही हे प्रकल्प अभ्यासायला उत्तम आहेत, कारण एकाच कामाच्या सहा पद्धती शेजारी ठेवून पाहता येतात. कारखाना वाचवतो तो सांगाड्याचा वेळ. परवानगी, पाणी, वीज, फरशी आणि रंग आपल्या गतीने चालतात.

एकट्या घरासाठी मत विचाराल तर ते असे आहे. हजार घरे एकसारखी करायची असतील तर पूर्ण कारखानी पद्धत घ्यावी. गावातल्या दोन गुंठ्यांवरचे एक घर असेल तर भिंती जवळच्या मालाच्या कराव्यात. तुळया, छताचे भाग, जिना, खिडक्यांच्या चौकटी एवढेच तयार आणावे. आणि काहीही ठरवण्याआधी प्लॉटपर्यंतची वाट टेपने मोजावी: वळणे, विजेच्या तारा, ओढ्यावरचा पूल, क्रेनला पाय टेकायला जागा. ट्रेलर शिरत नसेल तर पुढची सगळी चर्चा कागदावरच राहते. म्हणूनच पहिल्या प्रकरणाची सुरुवात पायापासून केलेली नाही, रस्त्याच्या रुंदीपासून केली आहे.