बराकीतून नागसेनवनाकडे : प्राध्यापक आणि परिसर

वंचितांसाठी निघालेल्या महाविद्यालयाचा इतिहास लिहायचा म्हटले की आपल्याकडे संस्थापकाचे चरित्र आणि निकालाचे आकडे पुढे येतात. शिकवायला कोण आले, ते राहत कुठे होते, वर्ग कोणत्या जागेत भरत, हे मागेच पडते. माझ्या मते अशा संस्थेचे खरे कर्तृत्व तिथेच शोधायला हवे.

खानदेशाला हा विषय परका नाही. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्याच जळगावातले मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय, दोन्ही १९४५ सालची. लगेच पुढच्या वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. महाविद्यालये निघत होती, तर ही वेगळी संस्था कशासाठी? उत्तरासाठी अमेरिकेशी ताडून पाहू. तिथल्या दक्षिणेत काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठाचे दार कायद्यानेच बंद होते. आपल्याकडे दार उघडे होते, पण गाडे अडत होते ते खोलीपाशी, ताटापाशी आणि फीपाशी. म्हणून सिद्धार्थमध्ये वर्ग सकाळी भरू लागले, नोकरी करणाऱ्या मुलाला तास आटोपून कामावर जाता यावे म्हणून. वेळापत्रकातला एवढा फरक, पण घरातल्या पहिल्या पदवीधराची वाट त्यातूनच निघाली.

जागेची गोष्ट दोन्हीकडे विलक्षण सारखी आहे. काळ्या विद्यार्थ्यांसाठी काढलेले नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ १८६६ साली यादवी युद्धातल्या लष्करी बराकींत सुरू झाले. सिद्धार्थचे पहिले वर्गही महायुद्धातल्या बराकींतच भरले. फिस्कची ज्युबिली हॉल ही इमारत विद्यार्थ्यांच्या गायकवृंदाने गावोगाव गाऊन जमवलेल्या पैशांतून उभी राहिली. अलाबामातल्या टस्कीगी या काळ्यांसाठीच्या संस्थेत तर मुलांनी स्वतः विटा पाडल्या, भाजल्या आणि भिंती उभारल्या. त्या इमारतींचे आराखडे करणारे रॉबर्ट टेलर हे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेचे पहिले काळे पदवीधर. भिंत उभारण्याचे कामही तिथे शिक्षणाचाच भाग होते.

अजिंठ्याचा घाट चढून औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, गेले की नागसेनवन लागते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तिथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि बांधकामावर बाबासाहेब स्वतः लक्ष ठेवून होते. पुढे महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे आणि परिसराला उत्तरे देणाऱ्या भिक्षू नागसेनाचे नाव मिळाले. वसतिगृहे आवारातच होती, त्यामुळे तास संपला तरी बोलणे संपत नसे.

आता प्राध्यापकांकडे वळू. पहिल्या फळीत उच्चवर्णीय माणसे होती. सिद्धार्थचे पहिले प्राचार्य संस्कृत पंडित अ. बा. गजेंद्रगडकर, मिलिंदचे म. भि. चिटणीस. फिस्कमध्येही आरंभी गोरे मिशनरी शिकवत आणि तिथे पहिला काळा अध्यक्ष, समाजशास्त्रज्ञ चार्ल्स जॉन्सन, यायला १९४६ साल उजाडले. या पहिल्या फळीचे ऋण मोकळेपणाने मानले पाहिजे. चिटणीसांनी विद्यार्थ्यांसाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि दलित रंगभूमीच्या आरंभाशी त्याचे नाव आदराने घेतले जाते. तरीही परिसराचा कस लागतो तो ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांच्यातलाच माणूस फळ्यापुढे उभा राहतो तेव्हा.

मिलिंदमध्ये शिकवणारे म. ना. वानखेडे म्हणजे तो टप्पा. साठच्या दशकात ते फ्लोरिडा विद्यापीठात संशोधनाला गेले. हे विद्यापीठ मूळचे गोऱ्यांचे. तिथे पहिला काळा विद्यार्थी १९५८ मध्ये घेतला गेला. तरीही काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख घेऊन वानखेडे नागसेनवनात परतले. गंगाधर पानतावणे तिथे मराठी शिकवत होते. १९६७ मध्ये ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू झाले. खेड्यातून आलेल्या मुलाने वहीत लिहिलेले आधी वाचणारा आणि पुढे छापणारा माणूस आवारातच भेटू लागला. दलित साहित्याचा उगम सांगताना आपण कविता मोजतो, पण ही व्यवस्था विसरतो. वानखेडे फक्त पुस्तके घेऊन परतले असते आणि मुले तासापुरती येऊन जात असती, तर हे घडले नसते असे मला ठामपणे वाटते.

म्हणूनच राज्यभर अनुदानित महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर चाललेले अध्यापन मला फार अस्वस्थ करते. असोद्यासारख्या गावातून आलेली मुलगी चार वाजता शंका घेऊन येते, तेव्हा तासावर नेमलेले सर दुसऱ्या महाविद्यालयातला तास गाठायला निघून गेलेले असतात. रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरणे हा पगाराचा प्रश्न आहेच; पण त्या मुलीची वही कोण वाचणार, हेही त्यावरच ठरणार आहे.