महानिर्वाण

सतीश आळेकर (जन्म १९४९) यांचे मराठी नाटक. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७४ मध्ये रंगमंचावर आणले. चाळीत राहणारे कीर्तनकार भाऊराव मरतात आणि मेल्यावरही बोलत राहतात, एवढ्याशा कल्पनेवर नाटकाचा डोलारा उभा आहे. आपल्या जगण्याने इतरांचे काय झाले, हे मेलेल्या माणसाला दाखवणारे साहित्य इतरत्रही आहे. मिच अल्बम यांच्या २००३ च्या अमेरिकी कादंबरीत करमणूक बागेतल्या पाळण्यांची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या एडीला स्वर्गात पाच माणसे भेटतात आणि त्याचे आयुष्य कुठेकुठे गुंतले होते ते समजावून सांगतात. भाऊरावांना समजावून सांगणारे कोणी नाही. ते स्वर्गातही जात नाहीत, चाळीतच घोटाळतात. त्यामुळे त्यांच्या असण्याचा परिणाम मागे उरलेल्यांच्या वागण्यातूनच वाचावा लागतो, आणि तो भाऊरावांपेक्षा प्रेक्षकाला अधिक स्पष्ट वाचता येतो.

याचा कळसाचा पुरावा पत्नी रमाबाई. प्रेत उचलणाऱ्यांपैकी डावीकडून तिसऱ्या माणसावर त्यांचे मन जडते. यावर आक्षेप असा निघू शकतो की, मग भाऊरावांचा परिणाम शून्यच ठरला. नवरा जाताच बाईची नजर दुसरीकडे वळली. परंतु ही ओढ वैधव्यात उघडी पडते, म्हणजे संसारात तिला जागा नव्हती, असेच मानावे लागते. भाऊरावांना छळतो तो प्रश्न ‘तिसरा कोण’ हा. ‘तिला तो का दिसला’ हे त्यांना सुचत नाही. देहाच्या नश्वरतेचे निरूपण करण्यात हयात घालवलेल्या माणसाला स्वतःच्या प्रेताचा मोह सुटत नाही, ही खोचही त्याच जातीची. कीर्तनाचा घाट इथे नुसता सजावटीसाठी नाही: उत्तररंगात दुसऱ्यांची आख्याने लावणारा इथे स्वतःच आख्यानाचा विषय झाला आहे, आणि अर्थ लावण्याचे काम श्रोत्यांकडे गेले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे मध्यमवर्गीय अंत्यविधींचे विडंबन, त्यात मरणोत्तर जगण्याचा विचार शोधणे म्हणजे ओढाताण. विडंबन आहेच. पण विधींची टर उडवायला मेलेल्याला वाचा देण्याची गरज नव्हती. शिवाय मृताची इच्छा मागे रेंगाळते, हे त्या विधींतच गृहीत आहे. पुण्यात ओंकारेश्वराशी दशक्रियेला कावळा पिंडाला शिवला नाही की नातेवाईक अंदाज बांधतात, ‘मुलांकडे बघू’, ‘कर्ज फेडू’ अशी वचने देतात. म्हणजे मृताचे मागणे ठरवतात जिवंत लोकच, बहुधा आपल्याला झेपेल असे. आळेकरांनी मधला कावळा काढून टाकला. भाऊराव तोंडाने सांगतात की दहन जुन्याच स्मशानात हवे, आणि ते स्मशान तर बंद झालेले. सोयीचे वचन देऊन सुटण्याची वाट मुलगा नाना याच्यापुढे राहत नाही. बापाचा हट्ट त्याला पुरवावाच लागतो. एडीला पाच भेटींतून मिळतो तो दिलासा. नानाच्या वाट्याला येते ते बापाचे प्रेत आणि ते नेण्याची यातायात.