खिडक्यांची चौकट आणि आपली वेलांटी

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'जुन्या दिवसांचे काहीतरी लिहा' असा मंडळाचा आग्रह होता. जुन्या देरावर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी त्याच काळातल्या संगणकाच्या पडद्याविषयी लिहितो.

पडद्यावर खिडकीला जी चौकट दिसते, ती काढणारा एक वेगळाच प्रोग्रॅम असू शकतो, याचे अनेकांना नवल वाटेल. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९८४ साली 'एक्स विंडो' प्रणाली सुरू झाली. तिच्या कर्त्यांचे धोरण असे की, चित्र उमटवण्याची सोय आम्ही देऊ, खिडकी दिसावी कशी हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यातून युनिक्सवर विंडो मॅनेजरांची एक स्वतंत्र जातच निर्माण झाली. १९८७ साली टॉम लास्ट्रेंज यांनी 'टीडब्ल्यूएम' लिहिला. त्याला मेमरी फार लागते म्हणून १९९३ साली रॉबर्ट नेशन यांनी तो तासून 'एफव्हीडब्ल्यूएम' केला (यातल्या 'एफ'चा अर्थ काय, यावर आजही एकमत नाही!). १९९७ साली ब्लॅकबॉक्स आला आणि २००१ मध्ये त्यातूनच फ्लक्सबॉक्स निघाला. या सगळ्यांचा कुळाचार एकच: अंगावर दागिने कमीत कमी, आणि सारी मांडणी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. मेनू बदलायचा, तर फाइल उघडा आणि ओळ बदला.

२००५ साली आम्ही देराला, नाईफ भागात राहत होतो. खाडीपलीकडे बर दुबईत संगणकांच्या दुकानांची मोठी रांग आहे, तिथून एक जुना पेंटियम घेतला आणि मांडीवर ठेवून अब्राने अलीकडे आणला. मेमरी ६४ एमबी. विंडोज एक्सपीला १२८ एमबीची शिफारस होती, तेव्हा लिनक्स आणि फ्लक्सबॉक्स हे ओघानेच आले.

त्याच हिवाळ्यात आई साताऱ्याहून व्हिजिट व्हिसावर आली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हते, म्हणून मी मेनूच्या फाइलमधली नावे मराठीत केली: फोटो, गाणी, पत्र, हिशेब. पहिली दोन छान उमटली. 'पत्र'मधला त आणि र मात्र पाय मोडून वेगळे उभे राहिले. आई चष्मा सावरत म्हणाली, "अरे, हिशेबाची वेलांटी श ला जाऊन चिकटलीय."

दोष तिच्या नजरेत बरोबर सापडला होता. १९९१ साली युनिकोडमध्ये देवनागरी आली, ती उच्चाराच्या क्रमाने साठवायची ठरली. आधी ह, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी अलीकडे घ्यायची, जोडाक्षरे जुळवायची, हे काम दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचे. हलकेपणासाठी फ्लक्सबॉक्सने ते अंगावर घेतलेच नव्हते. फाइलमध्ये जो क्रम, त्याच क्रमाने तो अक्षरे ओळीने मांडी. इंग्रजीला त्याने काही फरक पडत नाही. आपल्या लिपीला पडतो.

मग मी शब्दच बदलले. पत्राऐवजी 'टपाल', हिशेबाऐवजी 'वही'. जोडाक्षर नको, ऱ्हस्व वेलांटी नको! हसू नका, यंत्रासाठी आपल्या लोकांनी याहून मोठ्या खटपटी केल्या आहेत. छपाईचे खिळे कमी व्हावेत म्हणून खुद्द लोकमान्यांनी डोके चालवले होते, आणि सावरकरांनी त्यासाठीच 'अ'ची बाराखडी पुढे आणली, अि, अु अशी.

यावर खरा उपाय 'पँगो' या लायब्ररीत होता. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा, असे ते नाव. जोडाक्षर कसे जुळते हे तिला कळत होते. 'लोहित' हे देवनागरी फाँट २००४ पासून मोफत मिळतच होते. २००७ मध्ये मी ओपनबॉक्सवर आलो. तोही तसाच हलका, पण अक्षरे पँगोकडून काढून घेणारा. मेमरी थोडी जास्त गेली, पण 'हिशेब' जागेवर आला.

एक्सचा जमाना आता मागे पडत चालला आहे आणि त्याची जागा वेलँड घेत आहे. ओपनबॉक्सच्या वळणावर बेतलेला 'लॅबडब्ल्यूसी' हा प्रोग्रॅम रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर २०२४ पासून मूळचाच येतो. तो मेनूची फाइलही ओपनबॉक्सच्याच धाटणीची वाचतो. परवा माझी जुनी फाइल त्यात घातली, तर मेनू तसाच्या तसा उघडला. त्यात 'हिशेब' आहे, पण 'पत्र' नाही. आईला सवय झाली होती म्हणून 'टपाल' तेवढे मी बदलले नव्हते.