वारी, भिक्षा आणि कायदा





दिंडीला शंभर वर्षं झाली, त्याचा इतिहास या अंकात जाणती मंडळी लिहीतच आहेत. मला कमिटीनं वेगळा विषय दिला. दिंडी चालवायची म्हणजे गावोगाव वर्गणी मागावी लागते, शिधा मागावा लागतो. मग आपण मागतो ते काय, माधुकरी काय आणि रस्त्यावरची भीक काय? सरकारचा कायदा यात काय म्हणतो आणि संत काय म्हणतात, ते लिहा म्हणाले. मी शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. कायद्याची कलमं तालुक्याच्या एका वकिलाकडून वाचून घेतली. समजलं तसं मांडतो.

आधी जुनी रीत सांगतो. आपल्या गावगाड्यात मागणाऱ्याला जागा होती. सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार खळ्यावर येऊन आपला वाटा न्यायचे. त्यांच्या मागोमाग गोंधळी, जोशी, पिंगळा, नंदीवाला, डवरी गोसावी यायचे. पहाटे वासुदेव मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवत दारात उभा राहायचा. घरची म्हातारी सुपातून पसाभर जोंधळे त्याच्या झोळीत घालायची. त्याला कुणी भिकारी म्हणत नव्हतं. तो देवाचं नाव ऐकवायचा, घरातल्या वाडवडिलांचं नाव घ्यायचा आणि पुढच्या दारी जायचा. आम्ही लहानपणी त्याच्या मागं चार घरं पळायचो.

पैठणच्या नाथ महाराजांनी हेच लोक भारुडात आणले. वासुदेव, जोशी, गोंधळी, पांगुळ, जोगवा मागणारी, सगळे नाथांच्या भारुडात आहेत. दारोदार फिरणाऱ्याच्या तोंडून नाथांनी परमार्थ सांगितला. आपल्या दिंडीत मुक्कामाला भारुड होतं, तेव्हा वासुदेवाचं सोंग आलं की माणसं हात जोडतात. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं याच वासुदेवाची गाठ कायद्याशी पडणार आहे.

भिक्षेबद्दल संतांची मतं एकसारखी नाहीत. माधुकरी हा शब्द मधुकरावरून आला. भुंगा फुलाफुलातून थोडं थोडं घेतो, फुलाला इजा करत नाही, तशी चार-पाच घरची थोडी थोडी भिक्षा. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर अख्खा समास लिहिला. भिक्षेच्या निमित्तानं गाव कळतं, माणसं कळतात, असा त्यांचा रोख. तुकोबाराय मात्र भिक्षेवर जगण्याच्या फार विरुद्ध. त्यांच्या घरी दुकान होतं, सावकारी होती. कर्जाची खतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, पण हात पसरला नाही. कीर्तनकारानं तर कीर्तनाच्या जागी जेवण आणि पैसा घेऊ नये, इतका कडक दंडक त्यांनी घातला. आज बिदागी आधी ठरवून तारखा देणाऱ्या आम्हा कीर्तनकारांनी तो दंडक वर्षातून एकदा तरी आठवावा.

आपल्या दिंडीनं तुकोबारायांची वाट धरली. दिंडीत येणारा प्रत्येक जण भिशी भरतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो धान्य देतो, तेही नसेल तर पाणी भरतो, राहुट्या ठोकतो, पंगतीत वाढतो. फुकट खाणारा कुणी नाही आणि उपाशी राहणारा कुणी नाही.

आता कायद्याकडे येतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी अशा फिरस्त्या जमातीत जन्म झाला एवढ्यावर माणसाला गुन्हेगार धरायचं, पोलिसात हजेरी लावायची. सोलापुरात त्यांच्यासाठी सेटलमेंट होतं, ते आपल्या भागातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर गेला आणि ते लोक विमुक्त झाले. तारेचं कुंपण गेलं, पण फिरत्या माणसाबद्दलचा संशय गेला नाही.

मुंबईत भिकाऱ्यांसाठी १९४५ चा एक कायदा होता. त्याच्या जागी १९५९ साली मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा आला. महाराष्ट्रात तोच चालतो. भीक म्हणजे काय, याची व्याख्या त्यात फार लांब आहे. सार्वजनिक जागी भीक मागणं तर आलंच. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरत करणं किंवा काही विकायला पुढं करणं असं निमित्त करून मागितलं तरी ती भीकच. कुणाच्या घरात शिरून मागणं ही भीक. जखम किंवा व्यंग दाखवून मागणं ही भीक. पोटाचं साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यानं हिंडतो, तोसुद्धा भिकारी धरता येतो. पोलीस वॉरंट नसताना धरू शकतात. मग कोर्टापुढं उभं करून भिक्षेकरी गृहात ठेवायचं, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. मुंबईचं असं गृह चेंबूरला आहे.

आता बघा. गाणं म्हणून मागणं ही भीक म्हटल्यावर वासुदेव त्यात आला, गोंधळी आला, पिंगळा आला. नाथांनी ज्यांना भारुडात मान दिला, ते कायद्याच्या कागदावर आरोपी झाले. आणि टाळ-मृदंग वाजवत बाजारपेठेतून वर्गणी मागणारे आपणही त्या व्याख्येपासून लांब नाही.

आपल्याला वाचवतं ते त्याच कायद्यातलं शेवटचं वाक्य. कायद्यानं मान्य केलेल्या किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यानं परवानगी दिलेल्या कामासाठी पैसा किंवा अन्न मागितलं तर ती भीक नव्हे. म्हणून परवानगीला महत्त्व आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात ४१ क हे कलम आहे. नोंदलेला ट्रस्ट नसताना धर्मकार्यासाठी वर्गणी गोळा करायची, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं आणि नंतर हिशोब द्यावा लागतो. गणेश मंडळं दर वर्षी याच कलमाखाली परवानगी घेतात. दिंडीचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर त्याचे हिशोब तपासून घ्यावे लागतात. रेल्वेचा नियम निराळा. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ प्रमाणं गाडीत आणि स्टेशनात भीक मागायला मनाई आहे. म्हणून पंढरपूरच्या गाडीत भजन खुशाल म्हणा, पण टोपी फिरवू नका.

मायबापहो, म्हणजे वासुदेव आणि आपल्यात कायद्यानं फरक केला तो पावती पुस्तकाचा. तो एकटा, फिरता, कागद नसलेला. आपण गावचे, ओळखीचे, शिक्का असलेले. भक्ती त्याची कमी आणि आपली जास्त, असं कायदा कुठं म्हणत नाही. आपणही म्हणू नये.

कागद नसलेल्या माणसाचं काय होतं, ते १ जुलै २०१८ ला दिसलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी भिक्षा मागायला गेलेले पाच जण जमावानं ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा मोबाईलवर फिरत होती. मंगळवेढा ही चोखोबांची भूमी, दामाजीपंतांची भूमी. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उघडून भुकेल्याला धान्य दिलं, ही कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो. त्याच भूमीतली माणसं पसाभर धान्यासाठी गेली आणि परत आली नाहीत. त्या वर्षी आषाढी तीन आठवड्यांवर होती.

त्यानंतर सव्वा महिन्यानं, ८ ऑगस्ट २०१८ रोजी, दिल्लीच्या उच्च न्यायालयानं या १९५९ च्या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. पोटासाठी मागणाऱ्याला तुरुंगात घालणं घटनेला धरून नाही, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात मात्र कायदा उभा आहे. २०२३ च्या मार्चमध्ये नागपूर पोलिसांनी चौकात भीक मागायला बंदी केली. इंदुरात तर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा, असा हुकूम निघाला. अहिल्याबाईंनी जागोजागी अन्नछत्रं घातली, त्यांच्या घराण्याच्या नगरीत.

याची दुसरी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. लहान लेकराला भाड्यानं घेऊन भीक मागायला बसवणारी माणसं आहेत. गळ्यात तुळशीची माळ, हातात दानपेटी, आणि वारीच्या नावानं शहरात पैसे गोळा करून पसार होणारे भामटेही आहेत. त्यांना कायदा हवाच. आपल्या पंढरपुरातही देवापुढच्या उत्पन्नाचा प्रश्न किती वर्षं चालला! बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क काढणारा कायदा १९७३ साली झाला, आणि सर्वोच्च न्यायालयात त्याचा शेवट लागायला जानेवारी २०१४ उजाडला. देवाच्या नावानं आलेल्या पैशाचा हिशोब लोकांना मिळाला पाहिजे, हाच त्याचा गाभा.

माझ्या बुद्धीला यातून एक गोष्ट पटते. मागणं हे पाप नाही. मागून आणलेल्याचा हिशोब न देणं हे पाप आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू घेत, गाव झाडत, मग भाकरी मागत. त्यांच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले, त्यातून पंढरपूर-आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी त्यांनी झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले, तेव्हा त्यांच्यामागं उरलं ते लोकांच्या कामाचं.

शंभरीच्या निमित्तानं दिंडीपुढं माझं एवढंच मागणं आहे. वर्गणीला जाताना पावती पुस्तक आणि परवानगीचा कागद बरोबर ठेवावा. एक रुपया असला तरी पावती फाडावी. काल्याच्या दिवशी जमाखर्च पंगतीपुढं मोठ्यानं वाचावा, बायाबापड्यांनाही कळेल असा. दिंडीच्या नावानं कुणी परस्पर मागताना दिसला तर तिथंच विचारावं. आणि वाळवंटात, प्रदक्षिणेच्या वाटेवर जो आंधळा, पांगळा, महारोगी बसलेला असतो, त्याला आपल्या स्वयंसेवकांनी हुसकू नये. त्याच्यापुढं नाणं फेकण्यापेक्षा पंगतीत एक पान त्याचं मांडावं. गावात वासुदेव आला, डवरी गोसावी आला, तर नाव-गाव विचारावं, पाणी द्यावं, आणि संशय आलाच तर पोलीस पाटलाला बोलवावं. हात उगारू नये.

दिंडी शंभर वर्षं लोकांच्या पसाभर धान्यावर चालली. ज्यानं ते दिलं त्याला हिशोब द्यावा, आणि जो मागायला आला त्याला पसाभर द्यावं.

राम कृष्ण हरी.