नगरचे रणगाडे आणि तळहातावरील प्रतिकृति

निजामशाहीच्या काळीं नगरची ख्याति तोफांच्या ओतकामाविषयीं होती. विजापूरची मुलुख-मैदान १५४९ सालीं येथेंच ओतली गेली. विसाव्या शतकांत या शहराचें नातें चिलखती वाहनांशीं जडलें. रणगाडा-दलाचें शिक्षण येथें १९२४ पासून सुरू झालें, १९४८ सालीं चिलखती दलाचें केंद्र व विद्यालय उभें राहिलें, आणि त्यानेंच १९९४ सालीं रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. रोल्स-रॉइस चिलखती गाडी, मॅटिल्डा, चर्चिल, जपानी हा-गो, पाकिस्तानकडून हस्तगत झालेला पॅटन अशीं नाना देशांचीं वाहनें तेथें शेजारीं शेजारीं उभीं आहेत.

प्रतिकृति घडविणाऱ्या छांदिष्टास हा संग्रह म्हणजे मोजमापाचें तीर्थच. जपानच्या तामिया कंपनीनें १९६१ च्या सुमारास पँथर रणगाड्याची चालती प्रतिकृति काढली. विजेचे घट व मोटर तिच्या पोटांत मावावीं म्हणून जें प्रमाण निघालें तें पस्तिसांश, आणि तेंच पुढें जगभर रूढ झालें. त्या प्रमाणानें साडेतीन मीटर रुंदीचा पॅटन दहा सेंटिमीटरांवर येतो. मात्र आकार लोखंडावरून मोजतां येतो, रंगाचें तसें नाहीं. उघड्यावरील वाहनास रंगाचा नवा हात दिला, कीं रणांगणावरील खुणा त्याखालीं झांकल्या जातात. त्या शोधण्यास युद्धकालीन छायाचित्रेंच चाळावीं लागतात. एवढे श्रम घेतले, तरच खेळण्याचें रूपांतर इतिहासाच्या साधनांत होतें.