स्मिता पाटील : कुलस्थान, जन्मस्थान व स्मरण

सुप्रसिद्ध नटी स्मिता पाटील ह्यांस आम्ही खानदेशवासी अभिमानानें आपल्या म्हणतों. तेव्हां ह्या हक्काची मर्यादा ठरविणें अवश्य आहे. त्यांचें घराणें धुळें जिल्ह्यांतील शिरपूरचें. वडील शिवाजीराव पाटील हे तेथील पुढारी. स्मिताबाईंचा जन्म मात्र १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुण्यास झाला. कुलस्थान व जन्मस्थान ह्यांची गल्लत इतिहासास मानवत नाहीं.

त्यांची थोरवी निराळ्या ठिकाणीं आहे. हंसा वाडकर ह्या जुन्या नटीचें 'सांगत्ये ऐका' हें आत्मचरित्र १९७० सालीं ग्रंथरूपानें निघालें. त्याच्या आधारें श्याम बेनेगल ह्यांनीं १९७७ सालीं 'भूमिका' हा बोलपट काढिला. त्यांतील नायिकेच्या कामाबद्दल स्मिताबाईंस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका नटीचें जीवित दुसरीनें अभिनयानें जतन केलें. जीर्ण पोथीची नवी प्रत उतरावी तसाच हा प्रकार होय. १३ डिसेंबर १९८६ रोजीं, अवघ्या ३१ वर्षांच्या असतां, त्या निवर्तल्या.

आपण दप्तरें व पोथ्या जमवितों; नटनटींचीं पत्रें, छायाचित्रें व हस्तपत्रकें मात्र रद्दींत जातात. खानदेशास हक्क सांगावयाचा असेल, तर तीं आधीं जमवावीं.